चिठ्ठीवर नंबर का? तुम्ही विचारलंत म्हणून

कृतिसंशोधनाचं, म्हणजे शिक्षकानं आपल्याच वर्गातल्या अडचणीचा अभ्यास करण्याचं, कुठलंही प्रशिक्षण असो, चहाच्या वेळी कोणीतरी गाठतंच. "बाई, मुलांना मनातलं लिहायला सांगता आणि चिठ्ठीवर नंबर टाकता? निनावी ठेवा ना, मोकळेपणानं लिहितील." काही वर्षांपूर्वी हेच मी माइक हातात घेऊन सांगत होते, त्यामुळे रागावायचा हक्क मला तसा नाही. तरी राग येतो.

मुळात आपल्या वर्गात निनावी असं काही नसतं. पन्नास वह्या दर आठवड्याला तपासणाऱ्या बाईला अक्षर ओळखू येतं. कोणाचा ळ आडव्या आठासारखा, कोण अनुस्वाराच्या जागी गोल काढतं, हिरवं जेल पेन वर्गात कोणाकडे आहे, सगळं पाठ असतं. अशा माणसानं "कोणी लिहिलं ते मला कळणार नाही" म्हणायचं म्हणजे थापच.

माझाच सहावीचा वर्ग होता, दुपारचं अधिवेशन. बुटाच्या खोक्याला वरून चीर पाडलेली, शुक्रवारचा शेवटचा तास. फळ्यावर लिहिलेलं : नाव लिहू नका, कोणी शोधणार नाही. चौथ्या शुक्रवारी एक चिठ्ठी आली. "शाळा सुटूच नये. घरी काका असतात." एवढंच. ती वाचली गेली रविवारी दुपारी, कारण शुक्रवारी खोकं पिशवीत घालून घरी नेलं होतं. म्हणजे दोन दिवस असेच गेले. सोमवारी वर्गात सांगितलं, ज्यानं लिहिलंय त्यानं येऊन भेटा. पन्नास मुलांसमोर कोण उठणार? बुधवारी शुद्धलेखनाचं निमित्त काढून वह्या मागवल्या आणि चिठ्ठीतला 'का' वह्यांतल्या 'का'शी ताडून पाहिला. दोन मुलींवर येऊन थांबले. त्यातल्या चुकीच्या मुलीला आधी बोलावलं, तेही मधल्या सुट्टीत, शिक्षकखोलीत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. सुट्टी संपायच्या आत वर्गाला कळलं होतं की बाई अक्षर शोधतायत. पुढच्या शुक्रवारी खोक्यातली प्रत्येक चिठ्ठी एकच सांगत होती : छान. नंतर दुसरी मुलगी सापडली, जिथे कळवायचं तिथे कळवलं. पुढचं तिचं आहे, ते इथे येणार नाही.

वचन मोडलं ते बरोबरच केलं असं मी अजून म्हणते. चुकलं ते वचन देणं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली, तरी कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कलम १९नं बंधनकारक आहे. मग "कोणाला सांगणार नाही" हे शब्द शिक्षकाच्या तोंडी येतातच कसे?

आता कसं करते ते सांगते. वार मंगळवार, तास दुसरा. शुक्रवारी काही निघालं तर हात बांधलेले राहतात, आणि घटक चाचणीचा आठवडा टाळायचा, तेव्हा सगळीच मुलं दुःखी असतात. ए-फोरचा अर्धा कागद, सगळ्यांना पेन्सिल. नंबर हजेरीपत्रकातला नाही, तो वर्गाला तोंडपाठ असतो. वेगळे नंबर डब्यातून उचलायचे. कोणता नंबर कोणाचा ही यादी समुपदेशकाकडे, आणि समुपदेशक नसेल (बहुधा नसतोच) तर दुसऱ्या इयत्तेच्या शिक्षकाकडे, बंद पाकिटात, जोडावर सही करून. पाकीट उघडायची कारणं तीनच : कोणी मारतंय किंवा नको तसा हात लावतंय, स्वतःला इजा करावीशी वाटतेय, खायला मिळत नाहीये. उघडताना दोघांनी हजर राहायचं, तारीख-वेळ लिहायची. आणि हे सगळं मुलांना पेन्सिल उचलायच्या आधी सांगायचं, नंतर नाही.

प्रश्नही बदलले. "तू आनंदी आहेस का?" याला मुलं पेपरातल्यासारखं उत्तर देतात, हो. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचं तेच, हसऱ्यावर खूण. डब्ल्यूएचओ-५ ही मन कितपत बरं आहे ते मोजणारी, जागतिक आरोग्य संघटनेची पाच वाक्यांची प्रश्नावली मला आवडते, बेरीज पंचविसापैकी, चारनं गुणली की शंभरात. पण त्यात विचारलेला "गेले दोन आठवडे" हा काळ पाचवीतल्या मुलाच्या हाताला लागत नाही. म्हणून मोजता येईल ते विचारते : काल रात्री किती वाजता झोपलास? मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खाल्लास? या आठवड्यात पोट किंवा डोकं किती दिवस दुखलं? शेवटी एक रिकामी ओळ. झोपेच्या उत्तरांनी तर आमची बरीच निदानं खोटी पाडली. एका खोलीत सहा माणसं, उशिराच्या लोकलनं येणारा बाप जेवला की दिवा जाणार, पहाटे पाणी आलं की सगळे उठणार. तिसऱ्या तासाला पेंगणाऱ्या मुलावर "अभ्यासात लक्ष नाही" असा शेरा आम्ही वर्षानुवर्षं मारत होतो.

आणि संशोधन म्हणून बघाल तर नंबराशिवाय चालतच नाही. निनावी चिठ्ठ्यांतून फक्त वर्गाची सरासरी निघते. जूनपासून डिसेंबरपर्यंत सरासरी जागची हलत नाही, आणि एक मूल मात्र महिन्यागणिक खाली जात असतं. त्याच्या सहा चिठ्ठ्या एकाखाली एक ठेवल्याशिवाय ते दिसणार कसं? अहवालात तक्ता सुंदर येईल, केंद्रप्रमुख खूश होतील.

हो, नंबर आल्यापासून रिकामी ओळ बरेचदा रिकामीच येते. तुमचा मुद्दा हाच ना? मान्य. मुलं जपून लिहितात. रात्री कधीतरी तेव्हाची मी आताच्या मला विचारते : त्या शुक्रवारी नंबर असता, तर 'घरी काका असतात' हे लिहिलं गेलं असतं का? याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि प्रशिक्षणात ज्यांच्याकडे असतं त्यांचा मला संशय येतो.

म्हणून जिन्याखाली, जिथे कोणाची नजर नसते तिथे, एक बिननंबराचं खोकं अजून आहे. त्यावर लिहिलंय : नाव नको, पण मला काळजी वाटली तर मी शोधीन. त्यात बहुतेक चॉकलेटचे कागद निघतात. रोज शाळा सुटायच्या अर्धा तास आधी उघडते, शुक्रवारी दोनदा.