पत्ता तोच, भाडेकरू नवा

आज ऐरोलीच्या ऑफिसात डबा उघडलाच नाही. पायथन या भाषेत लिहिलेल्या आमच्या प्रोग्रॅममधून मधूनच एखादी पावती गळत होती. तपासलेली पावती पुन्हा तपासायला नको म्हणून मी प्रत्येकीचा आयडी, म्हणजे पायथन स्वतःच देतं तो ओळख-आकडा, एका सेटमध्ये (एकच गोष्ट दोनदा न ठेवणाऱ्या यादीत) ठेवत होते. तीन वाजता दोन आयडी छापून शेजारी शेजारी लावले. शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे, आणि पावत्या वेगळ्या!

मग उलगडलं. सीपायथनमध्ये, म्हणजे पायथनच्या नेहमीच्या आवृत्तीत, आयडी म्हणजे ऑब्जेक्टचा (प्रोग्रॅमने मेमरीत ठेवलेल्या वस्तूचा, इथे पावतीचा) मेमरीतला पत्ता. तो एकमेव असतो, पण ऑब्जेक्ट जिवंत असेपर्यंतच. ऑब्जेक्टला धरून ठेवणारा शेवटचा रेफरन्स, म्हणजे दुवा, सुटला की अशा दुव्यांचा काउंट शून्य होतो, जागा मोकळी होते आणि तीच पुढच्याला मिळू शकते. जुना भाडेकरू गेला, नवा आला, दारावरचा नंबर तोच. माझा सेट नव्यालाच जुना समजून परत पाठवत होता.

(शिकताना उणे ५ ते २५६ या आधीच बनवून ठेवलेल्या पूर्णांकांचीच उदाहरणं पाहिली होती. प्रोग्रॅम चालू असेपर्यंत त्यांचा आयडी बदलतच नाही, त्यामुळे ही बाजू कधी दिसलीच नव्हती.)

आता सेटमध्ये पावतीचा क्रमांक जातो. एकही पावती गळत नाही. ठाणे लोकलमध्ये दिघा गाव मागे पडलं तरी मी मोबाइलवर तेच दोन आकडे बघत होते. फार दिवसांनी इतका आनंद झाला.