आधी त्याची भाकर

सगळ्यांना प्रभूच्या नावात सलाम.

आमच्या महिला मंडळात मागं एका ताईनं उभं राहून सरळच विचारलं, की देवाला पहिलं स्थान द्या, पहिलं स्थान द्या असं दर रविवारी ऐकते, पण माझे मालक स्टील कंपनीत शिफ्टला, मी दोन घरी स्वयंपाकाला, नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल भरवसा नाही, मग हे पहिलं स्थान कधी द्यायचं आणि कुठून द्यायचं तेवढं सांगा. कोणीतरी लगेच म्हणालं, पहाटे चारला उठून प्रार्थना करत जा. ती गप्प बसली. मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही आणि तेव्हापासून मनात तेच चालू आहे म्हणून आज लिहायला बसले.

पहाटेची प्रार्थना चांगलीच आहे, मी स्वतः करते. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, १:३५ मधे, येशू अजून अंधार असतानाच उठून एकांतात जाऊन प्रार्थना करतो, ते आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या मागचं-पुढचं पण वाचा ना. आदल्या संध्याकाळी अख्खं गाव आजारी माणसं घेऊन दारात जमलेलं, सकाळी शिष्य शोधत येतात की सगळे तुम्हाला विचारतायत, आणि येशू म्हणतो चला आपण आजूबाजूच्या गावांत जाऊ. म्हणजे त्या पहाटेतून दिवसभर काय करायचं ते ठरलं, लोक म्हणतील ते नाही तर पिता म्हणेल ते. प्रार्थना संपली, आता देवाचं झालं, आता माझं सुरू, असं तिथं काही नाहीच.

पण मला जास्त बोलायचं आहे ते सारफथ गावच्या विधवेबद्दल. पहिले राजे, अध्याय १७. ही गोष्ट मराठवाड्यातल्या माणसाला जशी कळते तशी दुसऱ्या कोणाला कळत असेल असं मला वाटत नाही, कारण ती दुष्काळाची गोष्ट आहे. नव्या करारात लूक आणि पत्र लिहिणारा याकोब दोघंही लिहितात की साडेतीन वर्षं पाऊस नव्हता. आपल्याकडं २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, एप्रिल महिन्यात पहिली गाडी आली तेव्हा लोक स्टेशनवर बघायला गेले होते, आणि ७२ चा दुष्काळ तर घरोघरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे, सुकडी आणि खडी फोडायचं काम. तर अशा दिवसात ही बाई वेशीपाशी काटक्या गोळा करत असते आणि देवाचा संदेष्टा एलीया येऊन आधी काय मागतो तर पाणी. आणि ती जाते आणायला! दुष्काळात, परक्या माणसासाठी, काही न बोलता. आपल्याकडं पण दारात आलेल्याला आधी तांब्या पुढं करतात, घरात घागर तळाला गेलेली असली तरी.

मग तो मागून हाक मारून म्हणतो येताना भाकरीचा तुकडा पण आण. तिथं ती बोलते. मडक्यात मूठभर पीठ आहे, कुपीत थोडं तेल आहे, ह्या दोन काटक्यांवर भाजून मी आणि माझं लेकरू खाणार आणि मग मरणार. इतकं साफ सांगितलं तिनं. आणि एलीया म्हणतो भिऊ नको, तू म्हणतेस तसंच कर, पण आधी माझ्यासाठी एक लहानशी भाकर करून आण आणि मग तुझ्यासाठी आणि पोरासाठी कर.

मी कितीतरी वर्षं हे वाचताना इथं अडायचे. विधवेकडून, लेकराच्या तोंडातला शेवटचा घास, तोही आधी? पण बघा, तो तिला सगळं मागत नाही. लहानशी भाकर मागतो. आणि तिचं, तिच्या लेकराचं पण कर असंही सांगतो. फक्त क्रम बदलायला सांगतो. सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर देवाला, ह्या क्रमात देवाला कधी मिळतच नाही, कारण उरत नाही. पगार झाला की किराणा, गॅस, शाळेची फी, बचत गटाचा हप्ता, लग्नाचा आहेर. वेळेचं तसंच. मोबाइल बघून झाल्यावर जो वेळ उरतो तो झोपेचा असतो.

जुन्या करारातल्या याकोबाचं, म्हणजे इसहाकाच्या मुलाचं, बेथेलमधलं बोलणं ह्याच्या अगदी उलट आहे. देव जर माझ्यासोबत राहील, मला खायला भाकर आणि नेसायला वस्त्र देईल, मी सुखरूप घरी येईन, तर परमेश्वर माझा देव होईल आणि मी दशमांश, म्हणजे मिळेल त्याचा दहावा भाग, देईन. आधी दे मग मी. देवानं त्यालाही सोडलं नाही हे देवाचं मोठेपण. आमच्या जालन्याजवळ पण बेथेल आहे. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री, ब्राह्मण घरातले, निजामाच्या मुलखात आले आणि गावकुसाबाहेरच्या लोकांसोबत त्यांनी ते गाव वसवलं. जात, घर, मान सगळं आधी सोडलं, काय मिळणार ह्याची हमी कुठं होती त्यांना. आमच्या भागातल्या कितीतरी कुटुंबांचा विश्वास अशाच माणसांमुळं आहे, म्हणून हे नाव घेतलं.

आमच्या आजीच्या काळी एक पद्धत होती. भाकरी थापायला बसलं की परातीत पीठ घ्यायच्या आधी एक मूठ वेगळ्या डब्यात. महिन्याच्या शेवटी ते पीठ पाळकांच्या घरी नाहीतर वस्तीतल्या एखाद्या अडलेल्या घरी जायचं. मिझोराममधल्या मंडळ्यांत अशीच मूठभर तांदळाची पद्धत १९१० पासून चालू आहे आणि बायकांच्या त्या मुठीवर तिथलं केवढं तरी सुवार्तेचं काम चालतं. माझ्या मते देवाला पहिलं स्थान देणं म्हणजे काय हे आजीला जास्त कळत होतं. ती मूठ पीठ संपताना नाही काढायची, सुरुवातीला काढायची, आणि दिवसातून दोन वेळा तिच्या हाताला ते आठवायचं. कापूस वेचायला जाणारी बाई पण हे करू शकते आणि नर्सबाई पण.

आता एक गोष्ट जोर देऊन सांगते कारण लोक फसतात. हीच गोष्ट सांगून काही जण गरिबाकडून पैसे काढतात. आधी मला द्या, मग बघा देव कसा शंभरपट करतो. अहो, त्या बाईचं मडकं भरून वाहिलं असं कुठं लिहिलंय? पीठ सरलं नाही आणि तेल आटलं नाही, पाऊस पडेपर्यंत, एवढंच. रोज मूठभरच. आणि एलीया भाकर घेऊन निघून गेला नाही, तिच्याच घरी राहिला, तेच खाल्लं. आणि पुढची ओळ तर कोणी वाचतच नाही, त्यानंतर तिचं लेकरू आजारी पडलं आणि गेलं. जिनं देवाला आधी दिलं तिच्याच घरात. ती एलीयावर चिडली, वाटेल ते बोलली, आणि देवानं ते ऐकून घेऊन लेकरू जिवंत केलं. म्हणजे देवाला पहिलं ठेवलं की घरावर संकट येत नाही असं शास्त्र म्हणत नाही. संकटात कोणाच्या दारात जायचं हे तिला तोपर्यंत कळलं होतं.

आणि मार्क ७ मधे येशू त्या लोकांवर किती रागावतो जे म्हणतात हे देवाला अर्पण केलंय म्हणून आईबापाला देता येत नाही. देवाचं नाव पुढं करून घरच्या म्हाताऱ्यांचं औषध थांबवणं ह्याला देवाला पहिलं स्थान देणं म्हणत नाहीत. सासूबाईंच्या गोळ्या आणि दान, दोन्ही एकाच पाकिटातून जातात आमच्याकडं, आणि गोळ्या पण प्रभूच्याच नावानं जातात.

आता मुलांचं. हे मला फार लागतं. लातूर पॅटर्न, नीट, जेईई, आणि टेस्ट सिरीज रविवारी सकाळी. दहावी झाली की पोरगं चर्चमधून गायब, आणि आईवडीलच म्हणतात दोन वर्षं राहू दे, अॅडमिशन झालं की येईल. कितीतरी येत नाहीत परत. दोन वर्षं आपण त्याला शिकवलेलं असतं की महत्त्वाचं काही आलं की देव थांबू शकतो, आणि पुढं आयुष्यात महत्त्वाचं काही ना काही येतच राहतं. पेपर बुडवा असं मी म्हणत नाही. पण टेस्ट असेल त्या दिवशी संध्याकाळी घरात बायबल उघडा, पोराला वाचायला लावा, प्रार्थना त्यालाच करू द्या. मार्क वाढतील म्हणून नाही हं. तो देवाचा आहे म्हणून.

आणि रविवारची सुट्टीच नाही त्यांचं काय, तर ऐका. रोमी साम्राज्यात रविवार विसाव्याचा दिवस झाला तो कॉन्स्टंटाइननं ३२१ साली हुकूम काढल्यावर. त्याच्या आधी जवळजवळ तीनशे वर्षं विश्वासणारे रविवारी कामावरच होते, त्यांच्यात गुलाम पण होते, ज्यांना स्वतःचा तासही नव्हता. प्रेषितांची कृत्ये २० मधे त्रोवस गावी मंडळी रात्री माडीवर जमलेली आहे, दिवे लावलेत, प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलतोय आणि एक तरुण पोरगा झोप लागून खिडकीतून खाली पडतो, दिवसभर राबलेला असेल बिचारा असंच मला वाटतं. दुसरीकडं कुठं ते उजाडायच्या आधी जमायचे. आपल्याकडं तर गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मिळवून दिली ती १८९० ला. म्हणून शिफ्टवाल्या भावांनी आणि कामवाल्या बहिणींनी आपण मागं पडलो असं मनात आणू नये, पहिली मंडळी तुमच्यासारख्याच माणसांची होती.

पण मग मंडळीनं पण हलायला पाहिजे ना. दहा वाजताची एकच उपासना आणि जो आला नाही तो ढिला विश्वासणारा, हे बरोबर नाही. आम्ही आता वस्तीतच रात्री जेवणं झाल्यावर एकेका घरी बसतो, शिफ्ट बघून वार ठरवतो, एक गीत, एक उतारा, सगळ्यांची प्रार्थना, चहा. तुमच्या मंडळीत कामावर जाणारे जास्त असतील तर पाळकसाहेबांशी बोला, आणि ते हो म्हणेपर्यंत तुमचंच घर उघडा.