तुम्ही विचारलंत म्हणून : त्याला आपल्या मनातलं कळतं का?

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. हळदीकुंकवाला, लग्नात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये लोक आवाज खाली आणून विचारतात, "त्याला तुमचं सुखदुःख कळतं का हो?"

चेहऱ्यावरून चटकन कळत नाही, हे खरं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची २००१ सालची एक चाचणी आहे. नुसत्या डोळ्यांचे ३६ फोटो, प्रत्येकाला चार शब्द, त्यातला त्या नजरेतल्या भावनेशी जुळणारा निवडायचा. स्वमग्न मंडळींना त्यात सरासरीने कमी गुण पडतात. (सगळ्यांना नाही, काहींना चेहरे छान ओळखता येतात.) पण घरात वावरणाऱ्या माणसाला आवाज असतो, चाल असते, हात असतात.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वडिलांना अचानक दवाखान्यात ठेवलं. कुणाशी न बोलता मी भाकऱ्या करायला घेतल्या. हा दारात येऊन म्हणाला, "आई, आज जोरात थापतेस." एवढंच. परातीतला हात थांबवून मी सांगितलं, "आजोबा आजारी आहेत. मला भीती वाटतेय." तो आत गेला. ढग गडगडले की स्वतः डोक्यावरून ओढून घेतो ती गोधडी घेऊन आला, माझ्या डोक्यावर घातली आणि तव्याकडे बघत उभा राहिला. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती. त्या क्षणी कुणी फोटो काढला असता, तर त्यात काहीच दिसलं नसतं.

डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश संशोधक. ही अडचण दुहेरी आहे, असं त्यांनी २०१२ मध्ये मांडलं: स्वमग्न माणसाला इतरांचं कळायला जड जातं, तसंच इतरांनाही त्याचं. मला हे पुरेपूर पटतं. मिक्सर सुरू झाला की तो कान दाबून ओरडायचा, तो हट्ट नसून त्रास आहे हे उमगायला मला, त्याच्या आईला, कितीतरी वर्षं लागली. तेव्हा माझी चाचणी कुणी घेतली नाही.

म्हणून घरी आलात की त्याच्याशी शब्दांत बोला. राग आला असेल तर "राग आलाय" म्हणा, उगाच हसू नका. त्याचा मामा आता चपला काढतानाच सांगतो, "आज मी दमलोय रे." मग तो पंखा लावतो, पाण्याचा तांब्या आणून ठेवतो आणि मामापासून हातभर अंतर सोडून बसतो.