बिलातली ती ओळ

गेल्या पावसाळ्यात डिस्चार्जच्या काउंटरसमोर एका गृहस्थांनी मला थांबवलं. हातात बिल, चष्मा कपाळावर, एका ओळीखाली पेनाने रेघ. "मॅडम, हे सी-आर्म चार्जेस म्हणजे काय? आणि परवा आईच्या ऑपरेशनला तुम्ही आत जाताना दिसलात. तुम्ही डॉक्टर नाही, सिस्टर नाही. मग आत नक्की करता काय?"

प्रश्न नवा नाही. लग्नकार्यात आत्याबाई विचारतात, सोसायटीच्या गणपतीत शेजारच्या काकू विचारतात. "थिएटरमध्ये असतेस म्हणजे नर्स का गं?" मी म्हणते, नाही, एक्स-रे काढते. "हात्तिच्या, म्हणजे बटण दाबायचं!" इतकी वर्षं हसून विषय बदलत आले. पण पुण्यात बिलावर रेघ मारून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. त्यांना उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगितलं, ते काही मनासारखं झालं नाही. म्हणून आता सविस्तर.

आधी बटणाचंच बोलू. ते बहुतेक वेळा मी दाबतच नाही. सी-आर्मला पायाने दाबायचं पेडल असतं आणि आमच्याकडे त्यावर पाय असतो सर्जनचा. म्हणजे आत्याबाईंच्या हिशेबाने मी अठरा वर्षं फुकटचा पगार घेते आहे.

सी-आर्म म्हणजे इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वाकलेली, चाकांवरची कमान. एका टोकाला एक्स-रेची ट्यूब, दुसऱ्या टोकाला प्रतिमा टिपणारा डबा, मध्ये पेशंट. शेजारच्या ट्रॉलीवर दोन स्क्रीन: एकावर आत्ताचा शॉट, दुसऱ्यावर आधीचा राखून ठेवलेला. थिएटरमधले जुने लोक त्याला अजून आयआयटीव्हीच म्हणतात, म्हणजे एक्स-रेची प्रतिमा उजळ करून टीव्हीवर दाखवणारं मशीन. मी शिकत होते तेव्हा एक निवृत्तीला आलेले टेक्निशियन सांगायचे की त्यांच्या उमेदीत हे मशीन सगळीकडे नव्हतं. प्लेट घ्यायची, पळत डार्करूममध्ये जायचं, धुवायची आणि ठिबकणारी फिल्म घेऊन परत यायचं. तोवर पेशंट टेबलावर उघडा आणि सर्जन हात वर धरून उभे. फिल्म बिघडली की पुन्हा पहिल्यापासून.

माझं काम आहे ते पेडलवर पाय पडायच्या आधीचं. मशीन कुठे उभं करायचं, किती कलवायचं, किती उचलायचं, किरणांची खिडकी किती बारीक करायची, हे असं जमवायचं की पहिल्याच शॉटला हवं ते हाड हव्या त्या कोनातून स्क्रीनच्या मधोमध यावं. नाही आलं तर दुसरा शॉट, मग तिसरा. प्रत्येक शॉटमागे पेशंटला रेडिएशन, आणि टेबलाभोवतीच्या आम्हा सगळ्यांनाही थोडं थोडं. आमच्यात टेक्निशियनची पारख होते ती त्याने वाचवलेल्या शॉटवरून.

त्या गृहस्थांच्या आईचंच घ्या. वय ७८. बाथरूमच्या ओल्या फरशीवर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अशा आज्या आमच्याकडे वर्षभर येतात. स्पायनल दिलं होतं, म्हणजे कमरेखाली बधिर, पण आजी जाग्या. फ्रॅक्चर टेबलवर मोडलेला पाय बुटात अडकवून ताणतात आणि दुसरा पाय बाजूला फाकवून बांधतात, कारण त्या मोकळ्या जागेतून माझं मशीन आत यायचं असतं. समोरून घेतलेली प्रतिमा ती एपी, बाजूने घेतलेली ती लॅटरल. एपीमध्ये हाड छान बसलेलं दिसतं आणि लॅटरलमध्ये मागे खचलेलं निघतं, असं हमखास होतं. म्हणून ऑपरेशनभर एपी-लॅटरल, एपी-लॅटरल अशी कमानीची ये-जा चालू. त्यातून खुब्यातली हाडाची मान सरळ नसते, दहा-पंधरा अंश पुढे वळलेली असते. लॅटरलला कमान तेवढी तिरकी धरली तरच मान लांबलचक दिसते आणि स्क्रूला वाट दाखवणारी तार तिच्या मधोमध जाते आहे की नाही ते कळतं.

म्हणून हिरवे कपडे पांघरायच्या आधी मी दोन्ही जागा जमवून घेते आणि चाकांशेजारी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करते. ही एपीची, ही लॅटरलची. स्क्रीनवरची प्रतिमा तेव्हाच फिरवून सरळ करून ठेवते. ती उलटी राहिली तर सर्जनचा हात डावीकडे जायचा तो उजवीकडे जातो.

एकदा कपडे पांघरले की थिएटरमध्ये दोन राज्यं होतात आणि मी अनस्टराईल, म्हणजे निर्जंतुक नसलेल्या राज्यातली. मशीनच्या डोक्याला निर्जंतुक कव्हर असतं, पण लॅटरलला कमान फिरते तेव्हा टेबलाखालचा भाग वर येतो. माझ्या पहिल्याच वर्षी, दुसऱ्या एका हॉस्पिटलात, मी घाईने कमान फिरवली आणि तिचं उघडं टोक सर्जनच्या बाहीला घासलं. गाऊन बदला, ग्लोव्ह्ज बदला, वरचा कपडा बदला. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून हलवायच्या आधी मी मोठ्याने बोलते, "सर, लॅटरलला येते आहे." नव्या मुलांना वाटतं मी मशीन रिव्हर्स घेतेय.

आजी कपड्याआडून सगळं ऐकत होत्या. "शॉट." "पुन्हा शॉट." शेवटी त्यांनी डोक्याशी बसलेल्या भूलतज्ज्ञ मॅडमना विचारलं, "अहो, मला शॉट देतायत का?" मॅडम म्हणाल्या, "नाही आजी, फोटो काढतायत." आजी थोडा वेळ गप्प. मग, "किती काढतायत! माझ्या लग्नात नव्हते काढले एवढे."

सगळी केस मिळून किरणं चालू होती ५८ सेकंद. मशीन तो हिशेब स्वतः ठेवतं आणि मी तो रजिस्टरमध्ये लिहिते.

दुसरा प्रकार तरुण मुलांचा. रात्री कात्रजच्या बाजूने भरधाव येताना मांडीचं हाड मोडून घेतलेली मुलं. (पुणेकर आणि हेल्मेट हा विषय मी इथे काढत नाही, मांडीला त्याचा उपयोगही नाही.) मांडीच्या हाडात वरून एक पोकळ सळई घालतात, तिला नेल म्हणतात. ती फिरू नये, सरकू नये म्हणून गुडघ्याजवळ तिच्या भोकांतून आडवे स्क्रू घालायचे. गंमत अशी की भोक आहे सळईला, सळई आहे हाडात, हाड आहे मांसात, आणि सर्जनला ते भोक बाहेरून गाठायचं आहे. वरच्या टोकाला लावलेली पट्टी खालच्या भोकाची जागा नेमकी दाखवतेच असं नाही, कारण हाडात शिरताना सळई थोडी वाकते.

इथे माझी खरी कसोटी. किरणं भोकाच्या रेषेत तंतोतंत असली तरच स्क्रीनवर ते वाटोळं दिसतं. जरा कोन चुकला की बदामासारखं लंबगोल. बदाम कुठल्या दिशेला दबलाय ते पाहून ठरवायचं की कमान कुठल्या अंगाला झुकवायची. पेशंटचा पाय हलवायचा नाही, मशीन हलवायचं, तेही बोटभर. आमचे एक सर ड्रिल हातात धरून शांतपणे विचारतात, "पौर्णिमा झाली का?" मी म्हणते, "चतुर्दशी आहे सर, थांबा." ही कला पुस्तकात चार ओळींची आहे. हाताला बसायला मला दोन वर्षं लागली.

आता दुसरा नेहमीचा प्रश्न, जो लोक आवाज उतरवून विचारतात. "त्या किरणांची भीती नाही वाटत?" माझ्या लग्नाच्या वेळी एका स्थळाकडच्या बाईंनी हाच जरा घुमवून विचारला होता. "पुढे काही अडचण नाही ना यायची?" ते स्थळ राहिलं. माझी मुलगी आता दहावीला आहे.

भीती वाटायला हवी तिथे वाटते. किरणांचा झोत पेशंटच्या अंगावर पडतो आणि तिथून चहूकडे उधळतो, टॉर्च पांढऱ्या भिंतीवर मारला की खोली उजळते तसा. आम्हाला मिळतं ते मुख्यतः हे उधळलेलं. आणि ते जास्त उधळतं किरणं शरीरात शिरतात त्या बाजूला. म्हणून एपीला ट्यूब टेबलाखाली ठेवायची, म्हणजे उधळण पायांकडे आणि फरशीकडे जाते, डोळ्यांकडे कमी. लॅटरलला ट्यूबच्या बाजूला उभं राहायचं नाही, डब्याच्या बाजूला यायचं. अंतर दुप्पट केलं की मात्रा साधारण चौथाईवर येते, दोन पावलं मागे सरकायला पैसे पडत नाहीत. एवढं साधं गणित, पण केसच्या भरात मोठमोठे लोक विसरतात. तेव्हा "सर, जरा या बाजूला या" आणि "सर, हात" हे म्हणायचं कुणी? मीच. झोतात सर्जनची बोटं दिसली की पहिली काही वर्षं माझ्या तोंडून आवाज फुटत नसे. आता फुटतो. एक सर चिडतात, आणि हात काढतात.

छातीवर किरणं मोजणारा टीएलडी बॅज असतो, शिशाच्या ॲप्रनच्या आत लावायचा. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो आणि कुणाला किती मिळालं त्याचा आकडा येतो. अणुऊर्जा नियामक परिषदेची आमच्यासाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (हे किरणांची मात्रा मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. गरोदर असल्याचं सांगितलं की पोटातल्या बाळासाठी मर्यादा उरलेल्या काळात १ मिलिसीव्हर्ट. मी तिसऱ्या महिन्यात लेखी कळवलं आणि माझी ड्यूटी थिएटरमधून बदलली. आधीच्या एका नोकरीत एका सहकाऱ्याचा आकडा अचानक भलताच आला आणि चौकशीचं पत्र आलं. निघालं काय, तर महाशय बॅज ॲप्रनलाच टोचून, ॲप्रन थिएटरमध्ये मशीनशेजारी टांगून घरी जात. किरणं त्यांच्या बॅजने खाल्ली होती.

ॲप्रनचं माझं एक वेड आहे. पाच-सहा किलोचं ते ओझं पाठ मोडतं हे खरं, पण काढल्यावर लोक त्याची साडीसारखी घडी घालून स्टुलावर ठेवतात. घडीवर आतलं शिसं तडकतं आणि वरून काही दिसत नाही. दरवर्षी आम्ही सगळे ॲप्रन सी-आर्मखालीच तपासतो, तेव्हा घडीच्या रेघा स्क्रीनवर उजळ दिसतात. आमच्या थिएटरमधल्या मामांना, म्हणजे वॉर्डबॉयना, आता पाठ झालंय, घडी दिसली की ते माझ्या आधी ओरडतात.

शॉट वाचवायचे म्हणते खरी, पण एकदा मी एक जास्तीचा मागून घेतला, तेही सांगायला हवं. ही केस हाडांची नव्हती. पोटाचं मोठं ऑपरेशन, रात्रीचे दोन, टाके घालायच्या आधीची मोजणी. सिस्टरनी मॉप, म्हणजे पोटात रक्त टिपायला वापरायचे कापडी तुकडे, मोजले, एक कमी. पुन्हा मोजले, कमीच. बादली उपसली, टेबलाखाली शोधलं, कचऱ्याच्या पिशव्या उघडल्या. मग मला फोन. मोबाइल एक्स-रे ढकलत गेले. मॉपमध्ये एक धागा असतो जो एक्स-रेत दिसतो, तोच शोधायचा. प्लेट पाठीखाली सरकवली, "एक्स-रे!" म्हणून ओरडले, सगळे बाहेर, शॉट. स्क्रीनवर आतड्यातल्या हवेच्या सावल्या, धागा नाही. सर्जन दमलेले. म्हणाले, "क्लिअर आहे, बंद करतो."

प्रतिमेत छातीचा पडदा आलेला नव्हता. डाव्या बरगड्यांखालचा कोपरा कापला गेला होता. उंच पेशंट, एका प्लेटमध्ये मावलाच नव्हता. मी म्हटलं, "सर, वरचा भाग आलेला नाही. एक अजून घेऊ द्या." कुणीतरी उसासा टाकला. प्लेट पुन्हा वर सरकवायची म्हणजे भूलतज्ज्ञांना नळ्या सांभाळत पेशंट उचलायला लावायचा. उचलला. दुसऱ्या शॉटमध्ये, प्लीहेच्या वर, शेवयांचा गुंता पडावा तशी वेडीवाकडी पांढरी रेघ.

सर काही बोलले नाहीत, हात आत घातला. मी मशीन पुसून बाहेर आणलं. सकाळी कॅन्टीनमध्ये त्यांनी माझ्या चहाचे पैसे दिले, तेवढंच.

आमच्या कामाला कागदोपत्री नाव मिळालं तेही अलीकडेच. २०२१ साली केंद्राने आरोग्यसेवेतल्या इतर व्यावसायिकांसाठी कायदा केला, त्यात डॉक्टर आणि नर्सपलीकडचे जे आहेत त्यांच्यात आम्हीही आलो. ८ नोव्हेंबरला, म्हणजे १८९५ साली रॉन्टगेनला ही किरणं सापडली त्या दिवशी, आम्ही रेडिओग्राफी दिन साजरा करतो. केक कापतो. थिएटरमधून फोन येतो. केक तसाच राहतो.

त्या गृहस्थांना मी काउंटरवर एवढंच म्हटलं होतं की ऑपरेशन चालू असताना हाड बसलंय की नाही ते सर्जनला दिसावं म्हणून ते मशीन, आणि कमीत कमी किरणांत दिसावं म्हणून मी. शिवाय जरा अभिमानाने सांगितलं, "तुमच्या आईंच्या केसला सगळे मिळून फक्त ५८ सेकंद लागले."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, रेघ मारलेली ओळ पुन्हा वाचली.

"हे चार्जेस वेळेवर असतात का हो?"

"नाही, केसवर."

"म्हणजे लवकर आटोपलं तरी तेवढेच?"

"तेवढेच."

"५८ सेकंदांना?"

मी त्यांना बिलिंगची खिडकी दाखवली.