ब्लॉक नंबर ३ : कोयरीतून निघालेला तेरडा

मंडळी, मागच्या वेळी अर्धा कोरलेला कोयरीचा ब्लॉक, म्हणजे कागदावर छापायचा ठसा, दाखवला होता ना, तो फेकून दिला. आईच्या जुन्या शालीवरची कोयरी ट्रेस केली, तशीच लिनोवर (ठसा कोरायच्या मऊ शीटवर) चिकटवली, चार रात्री बसून कोरली आणि छापल्यावर बघतो तर शेंडा भलत्याच बाजूला वळलेला. दोन वर्षं हा नाद करून पण ट्रेसिंग पालथं घालायचं विसरलो, हसू नका.

पण त्या चिडचिडीत हा आकार मुळात आला कुठून ते वाचत बसलो. आपण कोयरी म्हणतो म्हणजे आपल्या डोक्यात कैरी, भरलेलं घर, लग्नकार्य, म्हणून ती पैठणीपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळीकडे. पण हा नमुना गाजला काश्मिरी शालींमुळे आणि काश्मिरात आंबा कुठला यायला? तिथल्या सतराव्या शतकातल्या शालींच्या पदरावर एकेक सुटं फुलझाड विणलेलं असायचं, बारीक देठ, थोडी फुलं, कधी खाली मुळं पण. मुघलांना फुलझाडांचं वेडच होतं, १६२० ला जहांगीर काश्मीरला गेला तेव्हा त्याच्या दरबारातल्या चित्रकाराने, उस्ताद मन्सूरने, तिथल्या शंभरावर फुलांची चित्रं काढली. पुढे शालीवरचं झाड दाट होत गेलं, फुलदाणीत बसलं, त्याचा गुच्छ झाला, मग गुच्छाभोवती रेघ आली आणि शेंडा कलला, झाली कोयरी. फारसीत तिला बोतेह म्हणजे झुडूप म्हणतात, आणि स्कॉटलंडातल्या पेझली गावात मागावर या शालींची नक्कल व्हायला लागली म्हणून इंग्रजीत ती पेझली. काहीजण वाऱ्याने वाकलेलं सरूचं झाड म्हणतात, मला आपलं झुडूपच पटतं.

मग म्हटलं उलटं जाऊ, बाहेरची रेघ काढून टाकू आणि आतलं झाड मोकळं करू, फक्त झाड आपल्या साताऱ्याकडचं पाहिजे. तेरडा लगेच सुचला कारण आमच्याकडे गौरी तेरड्याच्या, मुळासकट आणायच्या, मुळं म्हणजे गौरीची पावलं. मुळं तुटलेली जुडी आणली की आजी दारातूनच परत पाठवायची. शालीवरच्या झाडाला मुळं आणि आमच्या गौरीलाही मुळं, एवढं जुळल्यावर दुसरं फूल बघितलंच नाही.

आधी कासला जाऊन स्केच केलं, पण पठारावरचा तेरडा वेगळ्या जातीचा, मग परसातलाच घेतला. फूल आडवं धरून बघा कधी, मागे एक बारीक पोकळ शेपटी असते, पुढे जाऊन वळलेली, हुबेहूब कोयरीचा शेंडा! त्या शेपटीसाठी सगळ्यात बारीक कटर वापरला तरी दोनदा तुटली, थंडीने लिनो कडक झालेला. तिसऱ्यांदा लिनोवर कापड टाकून कोमट इस्त्री फिरवली मग लोण्यासारखा कापला गेला. मुळं मात्र मुद्दाम जाड ठेवलीत.

कागद पुण्याच्या हातकागद संस्थेतला, सुती चिंध्यांचा, शाई छान पितो पण खरखरीत असल्यामुळे रोलरने एकसारखी लागली तरी मधे पांढरे ठिपके राहतात, म्हणून कागद जरा ओलसर करून ब्लॉकवर ठेवला आणि पळीच्या पाठीने घासला. हे सगळं भाचीच्या लग्नातल्या आहेराच्या पाकिटांसाठी चाललंय, पन्नास करायचीत, बारा झालीत.

आता रडगाणं. पहिला चांगला प्रिंट कौतुकाने खिडकीच्या काचेला लावला होता, पंधरा दिवसांत गुलाबी उडून पाणचट झाला, हिरवा जसाच्या तसा. बायको म्हणाली, तेरड्याचा रंग तीन दिवस असतो, तुमचा पंधरा दिवस टिकला की. उन्हात न उडणारी गुलाबी शाई कोणी वापरली असेल तर सांगा, बाकीची अडतीस पाकिटं तेवढ्यासाठीच थांबवून ठेवलीत.