स्ट्रायकरची दहा वर्षं

आयर्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडू निवृत्त झाला, की त्याने भरलेल्या आयकराचा काही भाग सरकार त्याला परत देतं. २००२ च्या वित्त कायद्यातून ही तरतूद आली. बाकीचे लोक चाळीस वर्षं कमावतात, खेळाडूची कमाई दहा-पंधरा वर्षांत आटोपते, हा त्यामागचा विचार. निवृत्तीचं वर्ष धरून मागची पंधरा वर्षं घ्यायची, त्यातली कोणतीही दहा निवडायची. त्या प्रत्येक वर्षी खेळातून थेट मिळालेल्या कमाईच्या ४० टक्के रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करायची आणि त्यामुळे जो कर जास्तीचा ठरतो तो परत मागायचा. पगार, सामन्याचं मानधन, बक्षिसाची रक्कम धरतात. जाहिराती आणि प्रायोजकांचे पैसे धरत नाहीत. आणि एक अट पक्की आहे: निवृत्ती म्हणजे निवृत्ती. पुन्हा तो पेशा सुरू केला, तर दिलेली सवलत काढून घेतली जाते.

मी डब्लिनच्या फिब्सबरो भागातल्या एका छोट्या अकाउंटिंग ऑफिसात काम करते. डॅलीमाउंट पार्क हे जुनं फुटबॉल मैदान आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आमचे पक्षकार म्हणजे टॅक्सीवाले, सलूनवाले, छोटे बिल्डर आणि अधूनमधून एखादा फुटबॉलपटू. फुटबॉलपटूंच्या फायली आपोआप माझ्या टेबलावर येतात, कारण मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना असला, की आमच्या पेठेत दुपारची दुकानं बंद व्हायची आणि वडील मला खांद्यावर घेऊन निघायचे. ऑफिसात हे सगळ्यांना सांगून झालेलं आहे.

२०२४ च्या जानेवारीत आलेला हा पक्षकार स्ट्रायकर होता, म्हणजे गोल करण्यासाठी पुढे खेळणारा. वय ३६. त्याचं नाव लिहीत नाही, आणि एक सोडून त्याच्या क्लबांचीही नावं लिहीत नाही. प्रकरण लिहायला त्याची हरकत नव्हती. नोव्हेंबरात हंगाम संपला तेव्हा त्याच्या क्लबाने करार वाढवला नव्हता आणि त्याने थांबायचं ठरवलं होतं. येताना त्याने बुटांचे रिकामे खोके आणले होते. प्रत्येक खोक्यात एका क्लबाची वेतनचिठ्ठी, करारपत्रं, बँकेचे कागद. झाकणावर मार्करने क्लबाचं नाव आणि साल. इतके नीटनेटके कागद मला डेंटिस्टांकडूनही मिळत नाहीत.

करसल्लागाराला माणसाचं आयुष्य उलट्या टोकाकडून दिसतं, आधी रकमा आणि मग प्रसंग. मी एकेक वर्ष मांडत गेले आणि तो प्रत्येक रकमेमागचं गाव सांगत गेला.

सोळाव्या वर्षी तो इंग्लंडला गेला होता. आयर्लंडची कितीतरी पोरं त्या वयात जातात, आणि त्यातली बहुतेक वीस व्हायच्या आत परत येतात. हाही एकोणिसाव्या वर्षी परतला. ती वर्षं पंधरा वर्षांच्या चौकटीबाहेरची, म्हणून मी वही पुढे सरकवली. मग २००९. त्या साली तो डब्लिनमधल्या एका क्लबात पूर्णवेळ होता, आठवड्याला १,१०० युरो, बावन्न आठवड्यांचा करार. बँका बुडण्याआधी सही झालेला तो करार होता. त्यानंतर त्याला तसा करार पुन्हा कधी मिळाला नाही. २०१० पासून सगळीकडे बेचाळीस आठवडे. म्हणजे फेब्रुवारी ते नोव्हेंबर पगार, आणि नाताळच्या तोंडावर बेकारभत्ता नाहीतर गोदामात रात्रपाळी. आयर्लंडची लीग २००३ पासून उन्हाळ्यात खेळली जाते. युरोपातले बहुतेक खेळाडू जेव्हा मैदानावर असतात, तेव्हा इथला खेळाडू काम शोधत फिरतो.

पश्चिम किनाऱ्यावरचा क्लब, मग मधल्या भागातला एक, मग पुन्हा डब्लिनजवळचा. २०१४ आणि १५ स्कॉटलंडमध्ये. २०१६ डेरी सिटी. हे एक नाव लिहिते, कारण त्याशिवाय कराची गंमत कळणार नाही. डेरी हे शहर उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. पण तिथला क्लब १९८५ पासून दक्षिणेच्या लीगमध्ये खेळतो. हा माणूस सीमेअलीकडे डोनेगॉलमध्ये राहायचा, गाडीने सरावाला जायचा, पगार पौंडात घ्यायचा आणि त्याचा कर लंडनकडे जायचा. खेळ आयर्लंडच्या लीगमधला, पण आयर्लंडकडे कर जवळपास नाहीच, मग परत काय मागणार? स्कॉटलंडच्या दोन वर्षांचंही तेच. २०२० साली मार्चमध्ये करोनामुळे लीग थांबली, जुलैअखेर सुरू झाली आणि अठरा सामन्यांत आटपली. ते वर्षही गेलं. पंधरातली चार अशी गळाली. उरलेल्या अकरांतून दहा निवडायची होती.

इथे एक हिशेब मांडते, कारण वर्तमानपत्रांत या सवलतीच्या बातम्या येतात त्या रग्बीपटूंच्या आणि लाखांच्या. २०१२ साली या माणसाला आठवड्याला ४५० युरो मिळत होते. बेचाळीस आठवड्यांचे १८,९००. त्यावर २० टक्क्यांनी कर ३,७८०, त्यातून प्रत्येक नोकरदाराला मिळणारी ३,३०० ची सूट गेली, म्हणजे वर्षभरात भरलेला आयकर ४८० युरो. सवलत कितीही मोठी असली तरी भरला त्यापेक्षा जास्त परत मिळत नाही. म्हणून त्या अख्ख्या वर्षाच्या धावपळीचे, दोन गुडघ्यांचे आणि अकरा गोलांचे ४८० युरो. २०१८ हे त्याचं चांगलं वर्ष, आठवड्याला ९०० युरो. तिथे परतावा निघत होता ३,६७४ चा. आणि २००९ चा जवळपास ९ हजार. दहा वर्षांची बेरीज वीस हजारांच्या पुढे जात होती आणि त्यातला तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग एकट्या २००९ चा होता.

मध्ये चहा झाला. त्याने विचारलं, रॉबी कीन तुमच्या देशात खेळला ना? खेळला, म्हटलं, २०१७-१८ च्या हंगामात कोलकात्याच्या संघाकडून. कीन डब्लिनच्या टाला उपनगरातला, आयर्लंडसाठी १४६ सामने आणि ६८ गोल. पण या माणसाचा देव कीन नव्हता, आयर्लंडचा जुना स्ट्रायकर टोनी कॅस्करिनो होता. वडिलांनी त्याला कॅस्करिनोच्या गोष्टी सांगूनच वाढवलं होतं. १९८२ साली क्रॉकनहिल नावाच्या गावच्या क्लबाने कॅस्करिनोला जिलिंगम या इंग्लंडमधल्या क्लबाला दिलं ते ट्रॅकसूटच्या बदल्यात, ही गोष्ट इथे लहान पोरांनाही माहीत असते. आठ वर्षांनी त्याच माणसासाठी ॲस्टन व्हिलाने १५ लाख पौंड मोजले. मिलवॉल, व्हिला, सेल्टिक, चेल्सी, आणि संपला असं सगळे म्हणत असताना फ्रान्समध्ये मार्सेय. लाचखोरीच्या प्रकरणामुळे दुसऱ्या विभागात ढकलल्या गेलेल्या त्या क्लबासाठी त्याने गोलांचा पाऊस पाडला. मग नान्सी. आयर्लंडसाठी ८८ सामने. "बाबा म्हणायचे, बोलावतील तिथे जायचं. कॅस्करिनो गेला म्हणून वाचला."

मला त्याचं म्हणणं समजत होतं. कोल्हापुरात खेळाडू तालमीचा असतो. आता तिथेही संघ बदलतात, पण लोक त्याला अजून पेठेवरूनच ओळखतात. या माणसाला कुठल्या गावाने आपला म्हणावं? डोनेगॉलच्या फिन हार्प्स या क्लबाच्या ब्रेंडन ब्रॅडलीच्या नावावर या लीगचा विक्रम आहे, २३५ गोल. त्याचं नाव डोनेगॉलमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतं. हंगाम-दीड हंगाम थांबून पुढच्या गावाला गेलेल्या माणसाचं नाव कोण घेणार? पण लीग चालते ती अशाच माणसांवर. फेब्रुवारीत क्लबाकडे पैसे नसतात, जूनमध्ये मुख्य स्ट्रायकर जायबंदी होतो, आणि शुक्रवारच्या रात्री मैदानात उतरायला कोणीतरी लागतो. या अशा कोणीतरीच्या जोरावर दहा-दहा क्लबांचे दोन विभाग उभे आहेत, असं माझं ठाम मत आहे.

२०११ च्या खोक्यावर आलो तेव्हा त्याचा फोन वाजला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि उभा राहिला. खालच्या विभागातल्या एका क्लबाचा मॅनेजर. खोली लहान, आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं. नवा हंगाम महिन्याभरावर आला होता आणि त्यांच्या स्ट्रायकरने ऐनवेळी करार मोडला होता. आठवड्याला दोनशे युरो आणि पेट्रोल. "तू ये. पोरांना तुझ्यासारखा माणूस लागतो."

तो म्हणाला, दहा मिनिटांत कळवतो. फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे वळला. चेहरा फुलला होता. "बाविसाव्या वर्षापासून मी एकाही फोनला नाही म्हटलेलं नाही," तो म्हणाला. "नाही म्हटलं की पुढच्या वेळी फोन येत नाही. दहा महिन्यांनी पुन्हा निवृत्त होईन. तेव्हा भरू हा अर्ज."

मी खुर्ची ओढून त्याच्या बाजूला बसले आणि कोरा कागद घेतला. या वर्षी खेळलास, म्हटलं, तर निवृत्तीचं वर्ष २०२४. मागची पंधरा वर्षं मोजली की सुरुवात २०१० पासून होते. २००९ बाहेर. त्या नऊ हजारांच्या जागी अकरावं उरलेलं वर्ष, म्हणजे २०११ आत येतं, आणि त्याचे काहीशे युरो. नव्या वर्षाच्या दोनशे युरोच्या पगारावर तर कर लागणारच नाही, मग परत मिळायचं काही नाही. हंगामभरात, बेचाळीस आठवडे धरले तरी, क्लब तुला देणार ८,४००. आणि तू सोडून देणार त्याहून जास्त. पदरचे पैसे घालून तू त्यांच्यासाठी खेळशील.

त्याने कागद हातात घेऊन बराच वेळ आकडे पाहिले. मग विचारलं, पगार घेतलाच नाही तर? नुसतं पेट्रोल? मी सांगितलं, ही लीग व्यावसायिक आहे, तिच्यात नोंदणी करून उतरलास आणि उद्या करखात्याने प्रश्न विचारला तर मी तुझ्यासाठी भांडेन, पण निकाल काय लागेल याची हमी देणार नाही. गावच्या रविवारच्या हौशी संघात मित्रांबरोबर खेळ, त्याला कोणी पेशा म्हणत नाही.

"म्हणजे २००९ साली मी जे कमावलं, त्याची किंमत आज मला थांबून द्यायची."

हो, म्हटलं. आणि माझं मत विचारशील तर थांब. हे सांगणं माझ्या कामात बसतं की नाही, याचा मी तेव्हा विचार केला नाही. समोरच्या माणसाकडे घर नव्हतं, पेन्शन नव्हतं, दोन मुलं शाळेत होती. कायद्याने त्याच्यासारख्याच्या हातात एकदाच काहीतरी ठेवायचं ठरवलं होतं, आणि ते दोनशे युरोंसाठी आणि एका मॅनेजरच्या गोड बोलण्यासाठी निसटू द्यायचं, हे मला बघवलं नसतं.

तो बाहेर गेला नाही. माझ्यासमोरच त्याने फोन लावला. "नाही जमणार. थांबलोय मी." पलीकडून बरंच काही बोलणं झालं. तो ऐकत राहिला. मग त्याने मागच्या क्लबात आपल्याबरोबर खेळलेल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाचं नाव दिलं, नंबर दिला, आणि बजावलं की बेचाळीस आठवड्यांचा कागद केल्याशिवाय त्याला मैदानात उतरवू नका. फोन ठेवल्यावर त्याचा हात थरथरत होता. त्याने तो मांडीखाली घेतला आणि म्हणाला, "हं. २०११."

२०११ मध्ये पगार थकले होते. वेतनचिठ्ठ्यांवर कर कापल्याची नोंद होती, करखात्याच्या नोंदीत मात्र काही महिने कोरे. मालकाने कापून घेतलेला कर पुढे भरला नाही, तर पुरावा दाखवणाऱ्या कामगाराला त्याचं श्रेय मिळतं. त्याच्याकडे पुरावा होता. पण दहाच वर्षं निवडायची होती आणि २०११ सर्वांत लहान निघालं. मी ते बाजूला ठेवलं. "बरं झालं," तो म्हणाला. "त्या वर्षाचं काही नकोच."

अर्ज त्याच आठवड्यात गेला. उन्हाळ्यात पैसे त्याच्या खात्यात आले आणि त्याने ते घराच्या सुरुवातीच्या रकमेसाठी बाजूला ठेवले. त्याच्या सांगण्यावरून मग आणखी खेळाडू येऊ लागले. त्यातला एक मिडफिल्डर २०१७ मध्ये थांबला होता. चांगला करार झालेली त्याची चार वर्षं होती, परतावा बारा-तेरा हजारांचा निघाला असता. परताव्याचा दावा चार वर्षांच्या आत करावा लागतो आणि त्याची मुदत २०२१ अखेर संपली होती. अशी काही सवलत आहे हे त्याला क्लबात कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याचे कर भरणाऱ्यानेही नाही. खेळाडूंची संघटना आहे, ती माहिती देते. पण खालच्या विभागात दिवसा गोदामात आणि संध्याकाळी मैदानावर असणाऱ्या पोरांपर्यंत ती पोचत नाही. आता मी दर नोव्हेंबरात, करार संपायच्या सुमारास, या सवलतीची एक पानाची माहिती छापते आणि जवळच्या क्लबांच्या ड्रेसिंग रूममध्ये लावायला देते. दोन क्लबांनी ती लावली आहे. बाकीच्यांना पुन्हा विचारणार आहे.