दोन जुन्या पेटंटांची नुसती बेरीज? माझा अनुभव

आमच्या पेटंट अर्जावर पेटंट कार्यालयाच्या एक्झामिनरचा, म्हणजे तपासणी अधिकाऱ्याचा, अहवाल आला. त्यात नावीन्याबद्दल शंका नव्हती. आक्षेप वेगळाच होता: हे या क्षेत्रातल्या कुणालाही सहज सुचलं असतं.

आमचं काम इलेक्ट्रॉनिक भागांतली उष्णता बाहेर काढणाऱ्या इपॉक्सीचं, म्हणजे घट्ट होणाऱ्या एका रेझिनचं. नुसती इपॉक्सी उष्णता जेमतेम वाहून नेते, म्हणून तिच्यात बोरॉन नायट्राइडचे पापुद्र्यांसारखे चपटे कण घालतात. पण दाब दिला की हे कण आडवे होतात. उष्णता थराच्या पातळीत पसरते, जाडीतून आरपार फारशी जात नाही. आम्ही त्यांच्यात अ‍ॅल्युमिनाचे गोल कण मिसळले. पापुद्रे तिरके उभे राहिले आणि उष्णतेला आरपार वाट मिळाली.

एक्झामिनरने दोन जुनी पेटंटं पुढे ठेवली. एकात बोरॉन नायट्राइड, दुसऱ्यात अ‍ॅल्युमिना, दोन्हींत इपॉक्सीच. एकत्र केली की झालं! मला राग आला, तरी प्रश्न रास्तच होता. मटेरियल्समध्ये बहुतेक सगळं जुन्याच घटकांतून घडतं. माहीत असलेल्या गोष्टी माहीत असलेल्या रीतीने जोडल्या आणि अपेक्षित तेच मिळालं, तर पेटंट कशाला? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या केएसआर निकालाचा रोखही हाच आहे.

आमच्या पेटंट एजंट मॅडमनी मला त्याच न्यायालयाचा १९६६ चा अ‍ॅडम्स निकाल वाचायला लावला. पाणी घातल्यावर सुरू होणारी बॅटरी, तिच्यात मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइड. दोन्ही पदार्थ बॅटरीसाठी आधीपासून ठाऊक. पण तोवरचं ज्ञान अशा जोडणीपासून परावृत्त करणारं होतं आणि नावाजलेल्या तज्ज्ञांचाही तिच्यावर विश्वास बसला नव्हता. पेटंट टिकलं.

मग मी अ‍ॅल्युमिनाचं पेटंट ओळन् ओळ वाचलं. क्लेम, म्हणजे हक्काची हद्द सांगणारा भाग नव्हे, तर वर्णन. तिथे सापडलं: कठीण गोल कणांबरोबर ढवळताना पातळ पापुद्रे मोडतात, म्हणून असे चपटे कण टाळावेत. एक्झामिनरने दिलेला कागदच आमच्या बाजूने बोलत होता! जोडता आलं असतं का, यापेक्षा जोडावंसं का वाटलं असतं, हा खरा मुद्दा, आणि उत्तर आम्ही त्यावरच उभं केलं.

नुसत्या युक्तिवादावर मात्र भागत नाही. एकूण फिलरचं, म्हणजे इपॉक्सीत घातलेल्या कणांचं, प्रमाण सारखं ठेवून आम्ही तीन प्रकारचे नमुने मोजले: फक्त बोरॉन नायट्राइड, फक्त अ‍ॅल्युमिना आणि मिश्रण. मिश्रण दोन्हींपेक्षा सरस ठरलं. त्यावर सुनावणीत नेमका प्रश्न आला: आकडे एकाच प्रमाणाचे, मग क्लेम एवढा रुंद का? पुन्हा प्रयोगशाळा. क्लेममधल्या प्रमाणाच्या दोन्ही टोकांचे नमुने केले, तेव्हा अ‍ॅल्युमिना अगदी कमी असलेल्या टोकाला फायदा दिसेना. तेवढा भाग क्लेममधून काढला.

सुधारित क्लेमवरचा आक्षेप मागे घेतला गेला. गेलेल्या भागाचं मला दुःख नाही. तिथे आमचा शोध काही करतच नव्हता.